निघतानाचा शब्द

सकाळी शेजारच्या गोऱ्यांनी "चहा घेऊनच जा" असा आग्रह केला, तेव्हा आप्पांच्या फोनवर "आता निघा" असं उमटलं. बहिऱ्या आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. समोरच्याचं बोलणं लिहून दाखवणाऱ्या नव्या फोनवर "शब्द"ऐवजी "अर्थ" हे बटण दाबल्यापासून त्यांचा बराच वेळ वाचत होता.

दुपारी त्यांची मुलगी ऋजुता दोन वर्षांच्या नोकरीसाठी परदेशी निघाली. पाया पडून ती काहीतरी म्हणाली. फोनवर उमटलं, "जाते."

या घरातून निघताना असं कुणी म्हणत नसे. आप्पांनी चष्मा पुसला, "शब्द" हे बटण दाबलं आणि फोन तिच्यापुढे धरला.

"परत म्हण."

"येते, आप्पा."

आप्पांनी ते दोनदा वाचलं.

"ये," ते म्हणाले.