रेघ अकरा मिनिटं पुढे

लाल रेघ अकरा मिनिटं पुढे सरकली होती.

सकाळी कामाला निघताना ती एकतीस मिनिटांवर होती. आता, संध्याकाळी सहाला, बेचाळीस. तिने वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहिला. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं पेशी मोजल्यावर हात आपोआप रकाने आखतो.

"सरकली?" नवऱ्याने आतून विचारलं.

"अकरा."

"म्हणजे दुपारच्या सुट्टीत बघतोय. जेवता जेवता."

"असेल."

घरात सिनेमांची एकच वर्गणी होती आणि तीन प्रोफाइल: नवऱ्याचं, तिचं, मुलाचं. पासवर्ड तिघांनाच माहीत. मुलगा आठ महिन्यांपूर्वी घर सोडून गेला. फोन बंद, मित्रांना ठावठिकाणा नाही. पाच महिने त्याच्या प्रोफाइलवर काहीच हललं नाही. मग एके दिवशी अर्धवट पाहिलेल्या एका सिनेमाखालची रेघ पुढे गेली, आणि तेव्हापासून, एक सिनेमा संपला की दुसऱ्याखाली, अशी जवळजवळ रोज जात होती.

तो इंटरनेटवर मतं लिहायचा. सिनेमांवर, पुस्तकांवर, बाजारात आलेल्या नव्या फोनवर. वाचणारे शे-दीडशे. पुस्तकं वाचायच्या यंत्राबद्दल त्याने लिहिलं होतं, 'सोय उत्तम. पण डोळा लागल्यावर छातीवर उपडं ठेवायला खरं पुस्तकच लागतं.' ती वाचून हसली होती. नवरा हसला नव्हता. तो घड्याळं दुरुस्त करायचा, दिवसभर डोळ्याला भिंग लावून. "लोकांनी राबून केलेल्या कामाला नावं ठेवायची, हा काय धंदा आहे?" त्या शेवटच्या दिवशी तो म्हणाला होता. "दुसरं काही जमत नसेल तर चालता हो."

मुलगा चालता झाला. जाताना दारही आपटलं नाही.

चहा झाल्यावर दोघं नेहमीसारखी टीव्हीसमोर बसली. मुलाचा सिनेमा तिने स्वतःच्या प्रोफाइलवर लावला, एकतीस ते बेचाळीस. त्यापुढे कधी बघायचं नाही, असं दोघांत न बोलता ठरलेलं होतं.

"या हिरोचं सगळं दुःख एवढंच दिसतंय, की त्याला दाढी करायला सवड मिळत नाही," नवरा म्हणाला.

"हे त्याने लिहिल्यासारखं वाटतंय."

"त्याचं सगळं वाचून काढलं ना. वाण नाही पण गुण लागला म्हण."

"बाप-लेकात उलटंच झालं मग."

"त्याला आवडत नसणार हा सिनेमा."

"मग बघतोय कशाला?"

"नावं ठेवायची तर पूर्ण बघावं लागतं, म्हणायचा."

पडद्यावर पाऊल न वाजवता कोणीतरी जिना चढत होतं. तिचं लक्ष नव्हतं.

दुपारी प्रयोगशाळेत तपास अधिकाऱ्याचा फोन आला होता. नदीकाठी सापडलेल्या देहाला तीन महिने झाले होते. चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. वय आणि उंची मुलाशी जुळत होती. "बाई, आईवडिलांचं रक्त मिळालं तर दोन आठवड्यांत उत्तर देतो," तो चौथ्यांदा म्हणाला. "सोमवारपर्यंत ते आलं नाही, तर मला देह ठेवता येणार नाही. बेवारस म्हणून जाईल."

आधीच्या तिन्ही वेळा तिने घरी विषय काढला, तेव्हा नवऱ्याचं एकच उत्तर होतं. "तो तिकडे सिनेमे बघतोय, आणि आपण रक्त द्यायचं?" आणि तिन्ही वेळा तिने विषय सोडून दिला होता. हजारो माणसांचं रक्त तिने काचपट्टीवर पसरलं होतं. स्वतःचं द्यायला हात पुढे होत नव्हता.

रेघेबद्दल अधिकाऱ्याला तिने अवाक्षर सांगितलं नव्हतं. देह सापडल्याच्या आठवड्यातच ती पहिल्यांदा हलली. सांगायचं ठरलंच होतं. तेवढ्यात नवरा तापाने फणफणला. तिने रजा टाकली आणि दोन दिवस त्याच्या उशाशी बसून राहिली. ते दोन दिवस रेघ जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी दोघं आपापल्या कामाला गेली, आणि संध्याकाळी रेघ नऊ मिनिटं पुढे.

तिने तो आकडा लिहिला आणि बराच वेळ वहीकडे बघत बसली. मग तिला सगळं दिसलं. अर्धं ओढलेलं दुकानाचं शटर, उघडलेला डबा, सुट्या काट्यांच्या डबीला टेकवून ठेवलेला फोन, आणि सिनेमातलं ओ की ठो न कळणारा तिचा नवरा, बायकोने आशा सोडू नये म्हणून रोज दुपारी ती रेघ पुढे ढकलणारा. तिला राग आला नाही. तो एवढं करत होता, तर आकडा लिहून घेणं तिच्याच्याने होण्यासारखं होतं. अधिकाऱ्याला सांगून त्याला उघडं पाडणं होण्यासारखं नव्हतं.

बेचाळिसाव्या मिनिटाला तिने सिनेमा थांबवला. रिमोट खाली ठेवला.

"उद्या सकाळी रक्त द्यायला जाऊ," ती म्हणाली. "दोघंही. आणि तुम्ही ते दुपारचं सिनेमा लावणं आता बंद करा. तुम्हाला ताप होता ते दोन दिवस रेघ हलली नाही, तेव्हाच मला कळलं. मी काही म्हणणार नाही. पण आता पुरे."

नवरा तिच्याकडे वळला.

"मी?" तो म्हणाला. "अगं, ते दोन दिवस तूही घरीच होतीस ना? मला तर वाटत होतं, माझ्यासाठी तूच लावतेस."