पंधरावा धडा

"फार तर चार महिने म्हणाले," आईने दवाखान्याच्या जिन्यातच सांगितलं. बसची वेळ सांगावी तशा आवाजात. "माझं लिव्हर गेलंय."

मुलगी कठडा धरून उभी राहिली. बाबा दोन पायऱ्या खाली होते. ते तिथेच बसले.

"उठा," आई म्हणाली. "वाटेत पुस्तकांचं दुकान आहे. बंद व्हायच्या आत पोचायला हवं."

त्या दिवशी आईने नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची दोन गाईडं घेतली, एक विज्ञानाचं आणि एक गणिताचं. मुलगी आदल्या वर्षी विज्ञानात चार गुणांनी राहिली होती. परीक्षा दोनदाच देता येत होती, त्यामुळे यंदा राहिली तर विषयच संपला. आईने दुकानात उभ्या उभ्या विज्ञानाची अनुक्रमणिका बोटाने मोजली.

"पंधरा धडे. चार महिन्यांत होतील."

घरी येऊन तिने दोन्ही पुस्तकांना एकाच खाकी कागदाची कव्हरं घातली आणि वर ठसठशीत अक्षरात विषय लिहिले.

"मला संध्याकाळी बोललं की दम लागतो," ती मुलीला म्हणाली. "धडा झाला की प्रश्न हे विचारतील."

"बाबा?"

"का? आजपासून मास्तर म्हणायचं त्यांना."

मुलीला हसू आलं. बाबा सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचे. तोंडात बारीक खिळे, बोटांना सरस. शाळेचं सगळं आईकडे आणि सायकलचं सगळं बाबांकडे, अशी त्या घरातली वाटणी होती. प्रगतिपुस्तकावर बाबा फक्त सही करायचे, तीही आईने बोट ठेवून जागा दाखवल्यावर. गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला ते दोरी न्यायचे. जिथे माप संपेल तिथे गाठ. "टेपवरचे आकडे मुंगीएवढे असतात," म्हणायचे. चष्मा करून घ्या, असं मुलगी दोन वर्षं सांगत होती.

पण मास्तर म्हणून बाबा कडक निघाले. संध्याकाळी हातपाय धुऊन खिडकीपाशी बसायचे, गाईड मांडीवर उघडायचे आणि सुरू करायचे.

"लाल रक्तपेशी किती दिवस जगते?"

"एकशे वीस."

"बरोबर. जंतूंशी कोण लढतं?"

"प्लेटलेट."

"प्लेटलेट रक्त गोठवतात. लढतात त्या पांढऱ्या पेशी. पुन्हा सांग."

आकृत्यांचे प्रश्न मात्र ते विचारत नसत. "चित्रं तुझी तू बघ. माझ्या नजरेचं काय खरं नाही."

आई कॉटवर पडून ऐकायची. मुलगी चुकली की डोळे मिटून घ्यायची. बाबा कुठे अडखळले तर मात्र लगेच डोळे उघडायची.

एकदा क्लास लवकर सुटला. मुलगी दुपारीच घरी आली तेव्हा दारातून आईचा सावकाश आवाज ऐकू आला, मग बाबांचा, मग परत आईचा. ती आत शिरताच दोघं गप्प झाले.

"काय चाललंय?"

"जुनी भांडणं उकरून काढतोय," आई म्हणाली. "तुझे बाबा अजून हरतात."

आईला चार महिनेही मिळाले नाहीत. साडेतीन महिन्यांतच ती गेली.

भेटायला आलेल्या आत्याने बाबांच्या मांडीवर गाईड पाहिलं आणि रडता रडता हसली. "अगं, पुस्तक दिसलं की हा शाळेच्या भिंतीवरून उडी टाकायचा. आता बघा!"

"तायडे, गप बस," बाबा म्हणाले. पुढचा प्रश्न त्यांनी आत्या गेल्यावरच विचारला.

उजळणी चालू राहिली. पहिला धडा ते चौदावा, मग पुन्हा पहिला. पंधरावा, म्हणजे शेवटचा, पचनसंस्थेचा होता. त्यात यकृत होतं. पहिल्यांदा बाबा म्हणाले, "आधी मागचं पक्कं कर." दुसऱ्यांदा म्हणाले, "आज कंबर दुखतेय." तिसऱ्यांदा मुलीने विचारलंच नाही. बायको ज्या आजाराने गेली त्याचे प्रश्न कोणता माणूस विचारेल? तो धडा तिने क्लासमध्येच वाचला, एकटीने, आणि तोच कच्चा राहिला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी क्लासला शेवटचा तास होता. परत येऊन तिने दप्तर खुंटीला अडकवलं. बाबा खिडकीपाशी मांडी घालून बसलेच होते. खाकी पुस्तक उघडं.

"हं. चौदावा. श्वास घेताना छातीचा पडदा वर जातो की खाली?"

"खाली."

"शाब्बास."

त्यांनी सावकाश पानं उलटत सगळे प्रश्न विचारले. एकही चुकला नाही. बाबांच्या कपाळावर घाम आला होता, जणू परीक्षा त्यांचीच होती.

"आता एकच राहिला," मुलगी हळूच म्हणाली.

बाबांनी पुस्तक मिटलं, तिच्या पुढ्यात ठेवलं आणि उठले. "तेवढा तुझा तू बघ, बाळा. मी चहा टाकतो."

पुस्तक घेऊन तिने पंधरावा धडा काढला.

काळ, काम आणि वेग. एक नळ एक टाकी तीन तासांत भरतो.

तिने पुस्तक मिटून कव्हर पाहिलं. आईच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'गणित'. ती उठली आणि खुंटीवरचं दप्तर उघडलं. विज्ञानाचं गाईड सकाळपासून तिथेच होतं.

"सापडला का गं धडा?" बाबांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"सापडला, बाबा."

आईने त्यांना वाचून दाखवायचा तेवढा एकच धडा राहिला होता.