मिरचीचं पोतं

नंदुरबारहून सुटलेल्या बसमध्ये नथ्थूआप्पांनी वर्षभराच्या मिरचीचं पोतं सीटखाली सरकवलं आणि धानोरा यायच्या आत अर्धी बस शिंकायला लागली. नाकाला रुमाल लावून कंडक्टर प्रतिभा आली.

"आप्पा, पोतं डिक्कीमा ठेवा. तिखट माल आत आनानं नही, आसा नियम शे."

"नियम शे का कायदा शे?" गेल्याच आठवड्यात प्रवाशांच्या हक्कांवरचं भाषण ऐकून आलेले आप्पा जणू याच वाक्याची वाट बघत होते. "नियम तुम्हना सायेब बनाडतस, माय. कायदा इधानसभामा बनस. कायदामा मिरचीनं नाव दखाड, मी आत्ते उठाडस पोतं."

लोक शिंकता शिंकता हसले. प्रतिभा आपल्या जागेवर जाऊन बसली.

पंधरा मिनिटांनी खिडकीतून आप्पांना आपला मळा दिसला. ते उठले, पोतं खांद्यावर घेऊन दाराशी आले. बस मळ्याच्या फाटकावरून न थांबता तशीच पुढे गेली.

"ओ माय, मन्हा मळा मांगे ऱ्हायना."

"मळाजोडे थांबा नही, आप्पा. ना नियममा, ना कायदामा. थांबा फाटावर शे, दोन किलोमीटर पुढे."

"मंग नऊ सालपासून तू मळाजोडे गाडी कशी थांबाडस?"

"नियम मोडीसन," प्रतिभा म्हणाली आणि शिंकली.