मोसंबीवरची गोधडी

साहेबांनी ‘पहाटे दव गोठेल’ या शब्दांवर लाल रेघ मारली आणि वर वळणदार अक्षरात लिहिलं, ‘पहाटे सुखद गारवा.’

“सर, आकाश निरभ्र आहे, वारा पडलाय,” हवामानवाला म्हणाला. “आज खोरं गोठणार. सगळ्या बागा फुलोऱ्यात आहेत. पेंढा पेटवून धूर केला नाही, तर सकाळी फुलं हातात भुगा होऊन येतील.”

“मागच्या हिवाळ्यात तीनदा गोठणार होतं. लोकांनी रात्रभर पेंढा जाळला. सकाळी दव जिथल्या तिथे, आणि लोक तेवढे काळे. मोर्चा आला. त्यांना चहा कुणी पाजला?”

“ते तिन्ही इशारे तुम्ही द्यायला लावले होतेत, सर. खबरदारी म्हणून.”

“आज काढायला लावतोय,” साहेब म्हणाले. “तेही खबरदारी म्हणूनच.”

हवामानवाल्याने वाद घातला नाही. घालायला हवा होता, हे त्याला कळत होतं. पण खोऱ्यात रेडिओवरचं हवामान ऐकून कुणी काही करत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. मागच्या वर्षीपासून लोकांनी रेडिओ गाण्यांपुरता ठेवला होता, आणि हवामानासाठी ते त्याच्या अंगणातली मोसंबी बघत.

त्याचं घर चढावर, झाड कुंपणाला लागून. सकाळच्या चहाला नवऱ्याने आकाशाकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं, की त्याची बायको त्या झाडावर लाल-पिवळ्या ठिगळांची जुनी गोधडी टाकायची. खालच्या बागांतून ती लांबूनही दिसे. गोधडी चढली, की खोऱ्यात पेंढ्याचे ढीग रचायला सुरुवात होई. त्या तीन फसलेल्या रात्री ती घडी करून कपाटात होती, हे लोक विसरले नव्हते. कचेरीत माणूस पगारासाठी बोलतो, स्वतःच्या झाडाला कशाला फसवेल, असा साधा हिशेब होता.

आणि आज सकाळी तर त्याचा चहा आकाशाकडे बघताबघता पार निवला होता.

तेव्हा दुपारच्या बातम्यांनंतर त्याने कचेरीतून फोनवर, रेडिओसाठी, ‘सुखद गारवा’ अगदी मोकळ्या आवाजात वाचला. ‘सुखद’वर थोडा जोरही दिला.

संध्याकाळची नोंद घ्यायला तो कचेरीच्या मागच्या आवारात गेला. ओल्या फडक्याच्या तापमापकात पारा शून्याला टेकला होता, आणि अजून दिवेलागणच होत होती. रेडिओ केंद्राचा नंबर त्याला पाठ होता. पण साहेबांच्या लाल रेघेवरून उडी मारायची म्हणजे पुढचे सहा महिने खुलासे लिहीत बसायचं. शिवाय गोधडी होतीच.

सायकलवरून चढ चढताना त्याने दोनदा मागे वळून खाली बघितलं. धूर नव्हता. पेटवायला अजून वेळ आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. हे काम त्याला बरं जमायचं.

मोसंबी उघडी होती. ओसरीतल्या दिव्याच्या उजेडात तिची पांढरी फुलं नवरीसारखी नटून उभी होती.

“आलात?” बायको दारात आली. “ऐकलं हं मी रेडिओवर. छान वाचलंत.”

“गोधडी कुठंय?”

“धुतली आज. नुसता गारवाच आहे म्हणालात, तर म्हटलं धुऊन निघेल एकदाची.” तिने दोरीकडे बोट दाखवलं. “आणि खरं सांगू? परवा भाऊ चारचौघांत म्हणाला, ‘ताई, दाजींवर विश्वास नसलेलं खोऱ्यातलं पहिलं माणूस तूच.’ लागलं मला ते. ठरवलं, आता तुमचाच शब्द खरा मानायचा.”

तो कुंपणाशी गेला. पलीकडे मेव्हणा पंपाच्या खोलीला कुलूप लावत होता.

“अरे, दव गोठणार आहे. माणसं बोलव. खाली सगळ्यांना सांग, पेंढा पेटवा म्हणावं.”

मेव्हणा हसला. “दाजी, रेडिओवर गारवा, झाडावर गोधडी नाही, आणि आता कुंपणावर तुम्ही. एका दिवसात किती हवामानं सांगाल?”

“मी सांगतोय ना तुला.”

“मागच्या वर्षी तीन वेळा तुम्हीच सांगत होतात. मी पण जाळला होता पेंढा, अजून खोकतोय.” त्याने कुलूप ओढून बघितलं. “माणसं गेली घरी. सगळ्यांचीच गेली. दुपारपासून डोळे लावून बसलेलो आम्ही तुमच्या झाडाकडे. म्हटलं, ताईने गोधडी दोरीवर टाकली ना, मग झोपा निवांत.”

“ती चूक झाली.”

“कुणाची? ताईची?”

याला उत्तर होतं, पण ते कुंपणावरून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मेव्हणा पुटपुटत आत गेला. दार लागलं. खाली खोऱ्यात दिवे मालवायला लागले होते. कुठे पंपाचा आवाज नाही, कुठे ठिणगी नाही. कुत्रीसुद्धा गप्प.

ओली तर ओली, निदान झाडावर काहीतरी दिसेल, म्हणून तो दोरीकडे धावला आणि गोधडी खेचली. ती दोरीवरून निघाली, पण खाली पडली नाही, मिटलीही नाही. जशी टांगली होती तशीच, घराच्या छपरासारखी दुमडलेली, त्याच्या हातात ताठ उभी राहिली.

“अगं बाई,” बायको दारातून म्हणाली. “इतक्यात वाळली?”