मिठाची मूठ

गिरण्यांच्या संपानंतरच्या गणपतीला शेजारची शकू कोकणात गेली, ती आपला गोल्डफिश वनमालाकडे सोपवून. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले. दुकानदाराने चिमूटभर मीठ सांगितलं. लवकर गुण यावा म्हणून वनमालाने मूठभर टाकलं. संध्याकाळी मासा उलटा तरंगत होता.

तिने तो गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरला आणि घाटकोपर स्टेशनबाहेरून हुबेहूब दुसरा आणून बरणीत सोडला.

"ठिपके गेले की! वाचवलंस गं माझ्या सोन्याला," परत आलेली शकू म्हणाली. वनमालाला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात आवाज आला. पुच्. पुच्.

"भूक लागली की अस्संच तोंड वाजवतो बघ," म्हणत शकू बरणीवर वाकली.

बरणीतल्या माशाचं तोंड मिटलेलं होतं.

गॅलरीत मोगऱ्याखालची माती हळूच वर आली, आणि पुन्हा बसली.