बिनकांद्याचा बर्गर

दोनदा बजावूनही त्याच्या बर्गरमध्ये कांदाच कांदा निघाला. चीजचा पत्ता नव्हता आणि आतली टिक्की गारढोण. समोर बसलेल्या बायकोने हातातला बर्गर खाली ठेवला. घरी भाजीत मीठ चिमूटभर कमी पडलं तरी भरलं ताट सरकवून उठणारा हा माणूस. आता इथे चारचौघांत काय तमाशा करतो कोण जाणे!

पण त्याने मुकाट्याने शेवटचा घास संपवला. मग तो काउंटरपाशी गेला आणि आत टोपी सावरत, धांदलीत बर्गर गुंडाळणाऱ्या आपल्या लेकीला म्हणाला, "फक्कड झालाय गं!" लेकीचा उतरलेला चेहरा असा खुलला, की बघत राहावं.

बाहेर पडल्यावर बायकोने विचारलं, "आज कांदा गोड लागला वाटतं?"

"अगं, कामावरचा पहिलाच दिवस आहे पोरीचा. चुकायचंच थोडंफार. लगेच नावं ठेवली, तर हात थरथरायला लागतात माणसाचे."

ती चालता चालता थांबली.

"माझे अजून थरथरतात," ती म्हणाली, "तुमचं ताट वाढताना."