सतरा ठिपके

"हे आडनाव तुमच्याकडे आलं कसं?" घराण्याचा शोध घेत इंग्लंडहून दौंडला आलेल्या पाहुण्यानं माझ्या दारावरची पाटी वाचून विचारलं.

टेबलावर त्यानं नकाशा पसरला. थॉर्नस्वेल हे आमचं आडनाव तिकडच्या एका खेड्यावरून पडलेलं. आता जगात उरले सतरा जण, प्रत्येकाचा एक लाल ठिपका. सोबतच्या वंशावळीत माझ्या आजोबांच्या, इंजिन ड्रायव्हर आर्थरच्या नावाखाली लिहिलं होतं: निःसंतान.

माझं डोकं सणकलं. भिंतीवरचा फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला. आर्थर, शेजारी नऊवारीतली ठकूआजी, तिच्या मांडीवर माझे वडील.

"लग्नाची नोंद नाही," म्हणत तो नकाशाची घडी घालू लागला.

मी घडीवर हात ठेवला. "बसा. आता शाळा सुटेल. याच आडनावानं हजेरी देणारी माझी पाच नातवंडं येतील. लाल पेन आणलंय ना?"